सहलीला आलेला आणि सेवेला असलेला

दक्षिण जर्मनीत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांची एका दिवसाची सहल बहुधा ठरलेली असते. सकाळी म्युनिकहून निघायचं, आल्प्सच्या पायथ्याशी होहेनश्वांगाऊ आणि नॉयश्वानस्टाइन हे दोन राजवाडे पाहायचे आणि परतीच्या वाटेवर श्टाइनगाडेनजवळच्या कुरणातलं वीसचं चर्च. इंदूरला मागे राहिलेल्या त्यांच्या भावंडांचीही एक सहल अशीच ठरलेली. महू मागे टाकायचं, मानपूरचा घाट उतरून धामनोदवरून महेश्वर गाठायचं, किल्ला आणि अहिल्येश्वर पाहून नर्मदेत नाव फिरवायची, आणि दिवस उरलाच तर मांडू. दोन्हीकडे राजाचं घर आणि देवाचं घर एकाच दिवसात, एकाच कॅमेऱ्याने उरकलं जातं. राजाच्या घराबद्दल कुणाचं मन खात नाही. राजा गेलेला आहे, तिकीट काढलेलं आहे, दालनं मोकळी आहेत. देवाच्या घराचं तसं नाही. तिथला मालक घरात आहे असं निदान काही माणसं तरी मानतात, आणि पाहुणा मात्र त्याला भेटायला आलेला नसतो. छत, खांब आणि रंगकाम पाहायला आलेला असतो. यात काही गैर आहे का, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटतो, पण तो धर्माचा आहे. त्याला नेहमी दोन उत्तरं मिळतात. भाविक म्हणतो, देवळांचं पर्यटनस्थळ झालं, पावित्र्य गेलं. आधुनिक म्हणतो, पावित्र्य हे मानण्यावर असतं, उरतो तो वारसा, आणि वारसा सगळ्यांचाच. माझ्या मते दोघांचीही नजर चुकीच्या माणसावर खिळली आहे. दोघेही आलेल्या पाहुण्याच्या मनात डोकावतात. जागा पवित्र राहिली की नाही हे पाहुण्याच्या श्रद्धेवरून ठरत नाही. पाहुणा येवो न येवो, त्या जागी रोज काही करणं आपल्याला भाग आहे असं मानणारं कुणी तिथे उरलं आहे का, यावरून ते ठरतं.

नॉयश्वानस्टाइनचं सिंहासन-दालन या प्रश्नासाठी फार उपयोगी आहे. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविगने १८६९ साली या राजवाड्याची पायाभरणी केली आणि सिंहासनाचं दालन चक्क चर्चच्या घाटावर बांधून घेतलं. बायझंटाइन कमानी, सोनेरी भिंती, बारा प्रेषित, संतपदाला पोचलेले सहा राजे आणि वर ख्रिस्त. चर्चमध्ये जिथे वेदी असते तिथे या दालनात सिंहासन यायचं होतं. ते कधीच आलं नाही. १३ जून १८८६ रोजी लुडविग श्टार्नबेर्गच्या सरोवरात मृतावस्थेत सापडला, आणि दोन महिनेही उलटले नसतील तोच राजवाडा तिकीट लावून लोकांना खुला झाला. राजाला एकांत हवा होता. आज तिथे वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येतात आणि वेळ छापलेलं तिकीट घेऊन रांगेने आत सोडली जातात. २०२५ साली युनेस्कोने लुडविगच्या राजवाड्यांना जागतिक वारशात स्थान दिलं. दालन देखणं आहे, पवित्र वाटावं यासाठी लागणारी सगळी सामग्री तिथे आहे, तरी ते पवित्र नाही, आणि हे तिथल्या मार्गदर्शकापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना न सांगता कळतं. त्याचं कारण पर्यटकांची गर्दी नव्हे. त्या दालनात पहिल्या दिवसापासून कुणाला काही करायचंच नव्हतं.

वीसच्या चर्चची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी मठवासीयांनी जोडतोड करून बनवलेली, फटके खाणाऱ्या ख्रिस्ताची एक लाकडी मूर्ती नंतर अडगळीत गेली. ती एका शेतकरी घरात आली, आणि १७३८ च्या जूनमध्ये तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं अशी वार्ता पसरली. यात्रा सुरू झाली, झोपडीएवढं प्रार्थनास्थळ अपुरं पडू लागलं, आणि १७४५ पासून डोमिनिकुस त्सिमरमान याने नऊ वर्षं खपून आजचं चर्च उभं केलं. (त्याच दशकात इंदूरला मल्हारराव राजवाड्याचं काम काढत होते, आणि त्सिमरमान व मल्हारराव दोघेही १७६६ सालीच गेले, योगायोगापलीकडे याला अर्थ नाही, पण काळ डोळ्यांपुढे उभा राहतो.) पुढे १८०३ साली बव्हेरियात मठ खालसा झाले, श्टाइनगाडेनचाही झाला, आणि हे चर्च पाडून टाकायचं ठरत आलं होतं. ते वाचलं आसपासच्या शेतकऱ्यांनी धरलेल्या आग्रहामुळे. कलेचे जाणकार या इमारतीची थोरवी सांगू लागले ते फार नंतर, आणि १९८३ साली ती जागतिक वारशात गेली. म्हणजे ज्या सौंदर्यासाठी आज बस भरभरून माणसं येतात ते सौंदर्य, सौंदर्यासाठी न येणाऱ्या माणसांनी राखलं. आजही उपासना चालू असली की पाहायला आलेल्यांनी फिरायचं नाही, थांबायचं असा तिथला नेम आहे. पवित्र जागेची मला सापडलेली सर्वांत साधी कसोटी हीच: दोघांपैकी कोण कुणासाठी थांबतो?

आता महेश्वर. १७६७ साली अहिल्याबाईंच्या हाती कारभार आला आणि त्यांनी इंदूर सोडून नर्मदाकाठचं महेश्वर राजधानीसाठी निवडलं. राज्य शंकराचं, आपण त्याच्या वतीने वहिवाट करणाऱ्या, ही त्यांची भूमिका होती, आणि हुकमांवर श्रीशंकराचं नाव असे. किल्ल्यात त्यांची गादी दाखवतात. पांढरं बैठं आसन, त्यावर त्यांची मूर्ती. राजवाडे पाहून आलेल्या मुलांचा तिथे विरस होतो, कारण तो वाडाच आहे, राजवाडा नाही. पण त्याच आवारात सकाळी लिंगार्चन चालतं. मातीची चिमुकली शिवलिंगं लाकडी पाटांवर ओळीने घडवायची, त्यांची पूजा करायची आणि ती नर्मदेत सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती, पुन्हा पाट. पूर्वी या कामाला १०८ ब्राह्मण बसत असं सांगतात. आता बोटांवर मोजता येतील एवढेच असतात. त्याच किल्ल्याच्या एका भागात २००० सालापासून होळकर घराण्याच्या वंशजांनी चालवलेलं हॉटेल आहे, खाली घाटावर सिनेमांचं चित्रीकरण होतं, १९७८ साली सुरू झालेल्या रेवा सोसायटीचे माग खटखटत असतात आणि साडी घेतल्याशिवाय सहल सुटत नाही. एवढ्या सगळ्यात लिंगार्चन कुणासाठी ठेवलेला खेळ झालेलं नाही. पाहायला कुणी नसलं तरी ते होतं, आणि ज्या वस्तूवर एवढे कष्ट घ्यायचे ती वस्तू तासाभरात पाण्यात जाते. संग्रहालयात ठेवायला हाती काहीच उरत नाही. त्यामुळे या पूजेला पर्यटनाने गिळणं कठीण आहे. पर्यटनाला टिकाऊ वस्तू लागते.

अहिल्याबाईंची बांधकामं मोजण्याची आपल्याकडे हौस आहे: १७८० चं काशी विश्वेश्वराचं मंदिर, १७८३ चं सोमनाथचं, गयेचं विष्णुपद, घाट, विहिरी, धर्मशाळा. पण त्यांचं खरं शहाणपण दगडात कमी आणि नेमणुकांत जास्त होतं. देऊळ बांधलं की दिवाबत्ती, नैवेद्य, पुजारी, अन्नछत्र यांचा खर्च त्या लावून देत. दूर दक्षिणेतल्या देवस्थानांना अभिषेकासाठी गंगेच्या कावडी नेमाने जात, याची नोंद जॉन माल्कमने माळव्यावरच्या आपल्या ग्रंथात केली आहे. हा पैसा राज्याच्या तिजोरीतला नव्हे, खासगीचा होता. १७३४ साली पहिल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना दिलेल्या खासगी जहागिरीपासून ही वेगळी थैली चालत आली. लुडविगनेही राज्याचा पैसा न वापरता स्वतःच्या उत्पन्नातून आणि कर्जं काढून राजवाडे बांधले. दोघांचा हिशेब स्वतंत्र होता, फरक एवढाच की एकाने वास्तूमागे पैसा लावला आणि दुसरीने वास्तूत रोज घडायच्या कामामागे.

इथे भाविक पुढे येऊन म्हणेल, तुमचंच म्हणणं मान्य केलं तरी पर्यटकाचं तिथे काय काम? नुसतं पाहायला येणं हाच देवाचा अनादर नाही का? याला उत्तर महेश्वरहून मांडूला जाताच मिळतं. होशंगशाहच्या संगमरवरी कबरीवर १६५९ चा एक लेख आहे. शाहजहानच्या पदरचे चार वास्तुविशारद, त्यांत उस्ताद हमीद, इथे येऊन आदर वाहून गेल्याची ती नोंद. हे लोक आले होते ते घुमटाची बांधणी पाहायला, कारागीर म्हणून. आणि तसं येण्यालाच त्यांनी आदराची भेट मानलं. कुतूहल आणि आदर यांत वैर असतंच असं नाही. आपल्या यात्रांचाही इतिहास काही वेगळा नाही. काशीला गेलेल्याने गंगापूजनाबरोबर बाजार पाहिला, जेजुरीच्या यात्रेकरूने भंडारा उधळला आणि घोंगडीही घेतली. जत्रेत पाळणा, कुस्ती आणि शेव असतेच, आणि त्यामुळे देव उठून गेल्याचं कुणी ऐकलेलं नाही. पर्यटन बाधतं ते एकाच ठिकाणी: पाहुण्याच्या सोयीसाठी सेवेची वेळ सरकू लागते तेव्हा. उजेड चांगला आहे म्हणून आरती लांबली, व्हिडिओ नीट आला नाही म्हणून पुन्हा झाली, की समजावं. त्यात दोष पाहणाऱ्याचा थोडा, आणि सरकवणाऱ्याचा जास्त.

दुसरा आक्षेप विवेकवाद्याचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. पाटावर लिंगं घडवणारा ब्राह्मण पगारी आहे. त्याच्या मनात भक्ती असेलच याची हमी काय? मग एका यांत्रिक कामाला पावित्र्य का चिकटवायचं? आणि राज्य शंकराला वाहणं हीसुद्धा, सासरा, नवरा आणि मुलगा गमावलेल्या एका विधवेने अधिकाराला मिळवलेली चतुर मान्यता नव्हती कशावरून? दुसऱ्या भागाला मी सहज होकार देईन. राजकारण त्यात असणारच. कारभार करणाऱ्याच्या भक्तीला राजकारण चिकटतंच, आणि त्या भक्तीने राज्यकर्त्याच्या हातावर बंधन आणलं की नाही हे विचारणं जास्त उपयोगाचं. पहिल्या भागाचं उत्तर थोडं लांब आहे. मनातल्या भक्तीवर सगळं टांगलं तर पावित्र्य क्षणाक्षणाला उगवतं आणि मावळतं. पुजाऱ्याला ताप आला की देऊळ रिकामं. बांधिलकीचा गुणच हा की ती मनःस्थितीची वाट पाहत नाही. रात्रपाळीची परिचारिकाही पगारीच असते, आणि तिचं मन थाऱ्यावर नसलेल्या रात्रीही रोग्याचं औषध वेळेवर मिळतं. तिच्या सेवेला त्यामुळे आपण खोटी म्हणत नाही.

नुसती भावना आणि नुसती उत्तम वस्तू यांवर पवित्र जागा उभी राहते का, याचा एक प्रयोग खुद्द इंदुरात होता होता राहिला. दुसरे यशवंतराव होळकर यांनी एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुविशारदाकडून १९३० नंतरच्या तीनेक वर्षांत माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. त्या काळच्या युरोपातही नवा वाटेल असा. त्याच महाराजांनी कोन्स्टान्टिन ब्रांकुशी या शिल्पकाराकडून ‘अवकाशातला पक्षी’ या मालिकेतली शिल्पं घेतली आणि त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर उभारायचा बेत केला. कोणत्याही एका धर्माचं नाही, पुजारी नाही, नैवेद्य नाही. आत पाणी, प्रकाश, पक्षी आणि एकटा बसलेला माणूस. १९३७ मध्ये महाराणी संयोगिताराजे वारल्या. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रांकुशी त्या कामासाठी इंदूरला येऊन गेला, पण काम पुढे सरकलं नाही. काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराचे ते दोन पक्षी १९७३ पासून ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहेत आणि माणिकबागेत केंद्र सरकारचं कर-कार्यालय बसतं. ही कल्पना विसाव्या शतकातल्या सुंदर कल्पनांपैकी एक होती, आणि ती राहून गेल्याची हळहळ मलाही आहे. पण बांधलं गेलं असतं तरी काय झालं असतं याचा अंदाज करता येतो. तिथे सर्व काही एका माणसाच्या ध्यानावर अवलंबून होतं. तो माणूस राज्याबरोबर गेला. पुढच्या सकाळी दार उघडणं कुणाचंच काम नव्हतं. पक्षी कॅनबेरात उत्तम जपले आहेत, खरं तर इंदुरात जपले गेले नसते तितके. तरी त्यांच्यासमोर उशीर झाला म्हणून कुणाला चुटपुट लागत नाही. ‘वारसा म्हणजे पुरे’ असं म्हणणाऱ्याने हा फरक डोळ्यांआड करू नये.

संतांच्या बाजूने येणारा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो, कारण तो खरा असला तरी इथे लागू नाही. देव चराचरात आहे, दगडात शोधू नका, ही शिकवण नामदेव-तुकारामांपासून आपल्या हाडीमाशी रुजली आहे. पण तेच शिकवणारा वारकरी आषाढीला पायी पंढरपुराला जातो आणि त्यात त्याला विसंगती दिसत नाही. देव कुठे राहतो हा प्रश्न वेगळा. माणूस स्वतःला कुठे बांधून घेतो हा वेगळा. मी दुसऱ्याबद्दल बोलतो आहे.

खरी अडचण चौथ्या आक्षेपाची आहे. रोजची सेवा करणाऱ्यांनीच आपल्या देशात देवळांची दारं अडवली. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० साली बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तेव्हा आत नित्यपूजा बिनचूक चालू होती. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हाही काकडआरती चुकली नसेल. मग सेवेच्या बांधिलकीला पावित्र्याची खूण म्हणणं म्हणजे त्या अडवणुकीलाच पवित्र म्हणणं नाही का? त्यापेक्षा लुडविगच्या राजवाड्याचं तिकीट बरं. ते जात विचारत नाही. हा आक्षेप मी मोडून काढू शकत नाही, फक्त त्याची जागा दाखवू शकतो. बांधिलकी ही पावित्र्याची अट आहे, सद्गुणाची हमी नाही. सेवेकरी स्वतःला मालक समजू लागला की सेवा चालू राहते आणि तिचा अर्थ उलटतो, कारण ज्याचं घर आहे त्याच्या पाहुण्याला सेवेकरी कोण अडवणार? आणि इथे सहलीला आलेल्या कुटुंबाची एक अनपेक्षित योग्यता पुढे येते. त्याला आत काही मागायचं नसतं, पुजाऱ्याच्या कृपेची गरज नसते. जे काही चाललं आहे ते बाहेरच्या डोळ्यांनी पाहणारा तो साक्षीदार असतो. भाविक ज्यावर बोलायला कचरतो त्यावर हा बोलू शकतो. पाहणाऱ्यांचा धाक सेवेला हवाच असतो.

बाहेरच्या डोळ्यांनी विचारायचा पहिला प्रश्न खर्चाचा. जर्मनीत हा हिशेब उघडा आहे. नोंदणीकृत कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट माणसाच्या प्राप्तिकरावर बव्हेरियात ८ टक्के चर्च-कर बसतो. म्हणजे मराठी पाहुणा वीसला फुकट आत जातो तेव्हा ते दार उघडं ठेवायला स्थानिक पगारदारांचा हातभार लागलेला असतो. नको असेल तर तो माणूस नोंद रद्द करून बाहेर पडू शकतो, आणि दरवर्षी लाखो माणसं पडत आहेत, तेव्हा हे ओझं किती दिवस कोण उचलणार हा तिथलाही प्रश्न आहे. आपल्याकडे होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झालं तेव्हा खासगीची मालमत्ता सरकारकडे गेली, आणि अहिल्याबाईंच्या धर्मादायासाठी वर्षाला २,९१,९५२ रुपये कायम द्यायचे ठरले. १९६२ साली खासगी ट्रस्ट झाला. देशभरातल्या २४६ मालमत्ता त्याच्याकडे. त्यांतल्या काहींच्या विक्रीवरून वाद कोर्टात गेला, २०२० साली इंदूर खंडपीठाने आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिले, आणि ट्रस्टला मध्य प्रदेशाचा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो हे स्पष्ट झालं. त्या कोर्टकज्ज्याच्या बातम्या इंदुरात पुष्कळ वाचल्या गेल्या. त्या मालमत्तांपैकी किती ठिकाणी आज संध्याकाळी दिवा लागतो, तो कोण लावतो आणि त्याच्या हातावर महिन्याला किती रुपये पडतात, ही चौकशी मात्र क्वचितच होते.

ती चौकशी महेश्वरला गेलेल्या कुटुंबाने करावी. वाड्यात गेल्यावर गादीचा फोटो जरूर काढावा, मग पाटावर बसलेल्यांचं काम संपेपर्यंत थांबून त्यांना विचारावं, ते सांगतात. इंदूरहून महेश्वर नव्वदेक किलोमीटर. लिंगार्चन सकाळीच होतं, आणि उशिरा पोचलेल्यांसाठी ते पुन्हा केलं जात नाही.